पंपावरचा दीर

सोमवारी सकाळी सहा वाजता फाट्यावरच्या दोन्ही पंपांवरचे आकडे बदलले. पेट्रोल लिटरमागे बाराने वर गेलं.

त्या वेळी अलीकडच्या पंपावर, दोन नंबरच्या मशीनपाशी, पाच लिटरचा पांढरा कॅन घेऊन भुंगेवाली उभी होती. सहाला पाच मिनिटं कमी असताना तिचा नंबर आला होता. मशीनवर तिचा सख्खा दीर होता. त्याने नळी तिच्या कॅनकडे वळवलीही होती. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "घरच्यांचं बरं असतं बाबा. रांग काय, नियम काय, सगळं आपल्याला."

रांगेत ती सव्वापाचपासून होती, आणि हे बोलणाऱ्यालाही दिसत होतं. पण दीर भिडस्त. मागे कोणी नुसतं खाकरलं तरी आपलं काय चुकलं म्हणून वळून बघणारा. पंपावर लागून त्याला दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत त्याने घरच्या माणसाला नेहमी सगळ्यांत शेवटी पेट्रोल दिलं होतं. कोणी बोट दाखवू नये म्हणून. त्याने नळी मागे घेतली.

"वहिनी, जरा बाजूला थांबा. यांना देतो, मग तुम्हाला."

यांना म्हणजे गोठेवाल्याला. तो मोटारसायकलवर बसल्या बसल्या म्हणाला, "फुल कर." टाकी भरायला दोन मिनिटं लागली. मग त्याने झाकण लावलं, ते नीट बसलं नाही म्हणून काढलं, पुन्हा लावलं, आणि मग खिसे चाचपले. वरचा खिसा, आतला खिसा, पँटचा खिसा. तो बाजूला झाला तशी दिराने नळी कॅनवर धरली आणि सवयीने म्हणाला, "शून्य बघून घ्या."

तिने शून्य बघितलं. शून्याखालचा भाव तिच्या डोळ्यांदेखत बदलला.

"हे काय?"

"भाव बदलला, वहिनी."

"आत्ता? माझ्यासमोर?"

"सहा वाजले. वरूनच बदलतो. माझ्या हातात काही नाही."

"नळी तर तुमच्याच हातात आहे."

रांग हसली. गोठेवाल्याने गाडीला किक मारली आणि जाता जाता म्हणाला, "नशीब लागतं, भुंगेवाली!"

भुंगा म्हणजे गवत कापायचं मशीन. लांब दांडी, तिच्या टोकाला फिरती चकती, मागे पेट्रोलचं छोटं इंजिन, आणि सगळं धूड खांद्यावरच्या पट्ट्याला लटकवायचं. चालू झालं की कानाशी भुंगा सोडल्यासारखं वाजतं, म्हणून ते नाव. आधी ते तिचा नवरा चालवायचा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या कमरेतली चकती सरकली. लोक थट्टेने म्हणायचे, दोन चकत्या एकाच माणसाला झेपल्या नाहीत. तेव्हापासून भुंगा तिच्या खांद्यावर आला. नवरा गाडी चालवायचा, धार लावायचा, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचा आणि तिने कापलेलं गवत मागून गोळा करायचा.

आठ वाजता दोघं गोठेवाल्याच्या कुरणावर पोचले. कुरण चाळीस पातींचं होतं. बांधापासून ओढ्यापर्यंत एका दमात कापत जायचं, ती एक पात. पैसे पातीमागे. शनिवारी सहा पाती झाल्या होत्या, चौतीस उभ्या होत्या. गवताला तुरे फुटायला लागले होते. आठवड्याभरात ते कडक होणार, आणि मग जनावर हुंगूनही बघणार नाही. हे कुरण म्हणजे त्यांचा निम्मा हंगाम होता.

गोठेवाला मुरघासाचा, हिरवा चारा दाबून मुरवायचा, खड्डा साफ करून घेत होता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मालक, पातीचा भाव वाढवावा लागेल."

"का गं?"

"का म्हणजे? तुम्ही होतात की तिथे. तुमच्या पुढ्यातच वाढलं."

"पेट्रोल वाढलं, पात नाही वाढली. भाव शनिवारी बोललेला आहे."

"शनिवारी बोलले तेव्हाच्या पेट्रोलवर बोलले. जळणार आजचं."

गोठेवाल्याने फावड्याची माती खड्ड्याच्या काठावर झटकली. "हे बघ, दुसऱ्या कोणी मागितलं असतं तर विचार केला असता. तुझ्या घरात पंप आहे."

"पंप नाही. पंपावर माणूस आहे."

"तेच ते. विहिरीवर राहणारा कधी तहानेने मेलाय?"

"विहीर दुसऱ्याची आहे, मालक. हा नुसता बादली ओढतो."

"ओढताना चार थेंब सांडतातच की." खड्ड्यातले दोघं गडी हसले. "जा, काप. नको असेल तर सांग. ट्रॅक्टरवाला परवाच विचारून गेलाय."

"तुमच्या दुधाचा भाव आज सकाळी वाढला तो?"

"दुधाचं वेगळं आहे. दूध नासतं."

"आणि पाठ?"

तिचा नवरा मागून म्हणाला, "चल." तो तिच्या पुढे कुरणात गेला. मग खाली बसून चकतीला कानस लावता लावता म्हणाला, "पहिली मूठ कापली की भाव बोलायचा नसतो. माझ्या बापाने विळ्यावर जन्म काढला, पण मध्येच तोंड उघडलं नाही."

"विळा पेट्रोल पीत नव्हता," ती म्हणाली आणि पट्टा खांद्यावर चढवला. दोरी तीनदा ओढली. चौथ्यांदा भुंगा लागला, आणि पुढे बोलायची सोय राहिली नाही.

संध्याकाळी घरी आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंतच्या हातांना इंजिनची थरथर होती. पाण्याचा तांब्या दातांवर आपटला. सासू ओसरीत बसून दिराच्या निळ्या शर्टाला खिसा शिवत होती. दीर बनियनवर बसला होता.

"खिशाला काय झालं?"

"एकाने धरून ओढला," दीर म्हणाला. "म्हणाला, वाढलेले पैसे यात जातात का बघू दे. आज पस्तीस जणांनी आईवरून शिव्या दिल्या."

सासूने सुई थांबवली. "माझ्यावरून?"

"आणखी कुठली आई आहे मला?"

"मी काय केलं त्यांचं? मी तर पंप अजून बघितलाही नाही."

भुंगेवालीला हसू यायला हवं होतं. ती उंबऱ्यावर टेकली. "भाऊजी, एक खरं सांगा. भाव वाढणार हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

दिराने नखाखालचा काळा मळ काढायला घेतला. "साडेपाचला पंपाच्या मालकांचा फोन आला होता. सहाला बदलणार म्हणून."

"साडेपाचला. मी तुमच्यासमोर सव्वापाचपासून उभी होते."

"हो."

"आणि तरी मला बाजूला केलंत?"

"मला वाटलं, पाच मिनिटं आहेत, होईल. त्याने खिसे चाचपायला घेतले."

"निदान डोळ्याने खुणावायचं."

"तुम्हाला खुणावलं असतं तर सगळ्या रांगेला खुणावल्यासारखं झालं असतं, वहिनी. लोक बघत असतात."

"लोक!" ती म्हणाली. "लोक म्हणतात आमच्याकडे पेट्रोल बादलीने येतं. गोठेवाला तोंडावर म्हणाला. ना तुमच्याकडून थेंब जास्त, ना त्यांच्याकडून पै जास्त. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं."

नवरा आतून म्हणाला, "त्याने केलं ते बरोबर केलं."

"तुम्ही दोघं बरोबरच असता," ती म्हणाली. "चूक भरायला मी आहे ना."

मंगळवारी पंपावर खडूने लिहिलेली पाटी लागली. कॅनमध्ये पेट्रोल मिळणार नाही. गाडीमागे तीन लिटर. साठा करणाऱ्यांमुळे, असं खाली लिहिलं होतं. दिराने ती पाटी तिलाही बाकीच्यांसारखीच मोठ्याने वाचून दाखवली.

"वाचता येतं मला," ती म्हणाली आणि कॅन घेऊन परत नवऱ्याच्या मागे गाडीवर बसली.

मग रोजची रीत अशी झाली. गाडीच्या टाकीत तीन लिटर भरायचं, कुरणावर यायचं, टाकीत नळी सोडून तोंडाने ओढायचं आणि कॅनमध्ये काढायचं. ओढायचं काम नवऱ्याला जमेना. वाकून जोर लावला की कंबर धरायची. म्हणून ती ओढायची. कितीही जपलं तरी दर वेळी घोटभर तोंडात यायचंच. ती थुंकायची, ओढ्याच्या पाण्याने चूळ भरायची, तरी दिवसभर ढेकर पेट्रोलचा यायचा. तीन लिटर दुपारपर्यंत संपायचं, की पुन्हा फाटा. पेट्रोल आणायला पेट्रोल जाळायचं. बुधवारी सकाळी तिच्या ओठांची सालं निघाली होती आणि जेवताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी उभं राहत होतं. वखारवाल्याचं अंगण कापायचं बोलणं झालं होतं, त्यालाही तिने भाव वाढवून मागितला. तो वजनकाट्यावरून न उठता म्हणाला, "घरात पंप असून तुम्ही भाव वाढवायचा म्हणजे सोनाराने सोनं महागलं म्हणून रडण्यासारखं झालं."

बुधवारी दुपारपर्यंत चोवीस पाती झाल्या. पंचविसावी अर्ध्यावर असताना गोठेवाला बांधावरून येताना दिसला. एकटा आणि पायी. तिने भुंगा बंद केला. मालक माणूस मजुराकडे पायी आला की काहीतरी मागायला आलेला असतो, हे कळायला शाळा लागत नाही.

"काम चांगलं चाललंय," तो म्हणाला.

तिने पट्टा खांद्यावरून उतरवला.

"वीज गेलीय कालपासून. जनरेटरवर दूध काढायचं मशीन चालवतो, तर पेट्रोल संपलं. गाडीमागे तीन लिटर, त्यात काय होतंय? तीस गायी दोन गडी हाताने पिळतायत. बोटं सुजून टम्म झालीत. चार गायींच्या कासेत गाठी आल्यात." तो खरंच थकलेला दिसत होता. दाढी वाढली होती. "तुझ्या दिराला सांग, एक ड्रम भरून दे म्हणावं. वीस लिटरचा. पैसे नव्या भावाने पूर्ण देतो. चोरी कर म्हणत नाही मी."

"कॅन बंद आहेत."

"ते मला माहीत आहे. म्हणून तर तुझ्याकडे आलो." त्याने एक तुरा तोडून दातांत धरला. "पातीचा भाव वाढवून देतो. तू म्हणशील तेवढा. चाळीसच्या चाळीस पातींना, शनिवारच्या सहा धरून."

नवरा पेंढी खाली ठेवून म्हणाला, "नाही जमणार, मालक."

गोठेवाल्याने त्याच्याकडे बघितलंच नाही. तो तिच्याकडे बघत होता. "ड्रम गोठ्याच्या दाराशी ठेवलाय," म्हणाला आणि बांधाने परत गेला.

संध्याकाळी साडेसातला सगळे जेवायला बसले. तिने सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट घेतलं आणि घास न मोडताच सांगून टाकलं. गायी, ड्रम, भाव. सासूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "आणि नोकरी गेली म्हणजे? नोकरी आहे म्हणून तर स्थळं यायला लागलीत. परवाचे लोक परत येतो म्हणालेत."

"आई, यांची कंबर गेली. उद्या माझा खांदा गेला म्हणजे? स्थळं बघायला येणाऱ्यांना काय दाखवाल, भिंतीला टांगलेला भुंगा?"

"तिथे कॅमेरा आहे, वहिनी," दीर म्हणाला.

"असेल."

"मालक रोज बघतात."

"ड्रम चोरून भरायचा नाही. पैसे पूर्ण आहेत. नुसता नियम मोडायचा आहे. दोन वर्षं तुम्ही तुमच्या नियमाने मला शेवटी दिलंत, मी एकदा तरी बोलले?"

"सोमवारपासून रोज बोलताय."

"मग दोन वर्षांचं साठलेलं समजा."

नवऱ्याने ताट सरकवलं. "त्याला गळ घालायची नाही. मी दुपारीच नाही म्हणालो होतो. पंपाचा मालक पाटीवर लिहितो आणि त्याला शिव्या बसतात, आता तूही..." तो उठायला गेला, पण कंबर अडकली आणि तो एका हातावर तसाच अर्धवट राहिला. त्याला उठवायला दीरच उठला. पाठीला हात देऊन त्याने भावाला भिंतीशी बसवलं, परत येऊन स्वतःचं ताट संपवलं, हात धुतला. सगळं सावकाश. मग पंच्याला हात पुसत म्हणाला, "ड्रम गोठ्यावरून आणायला लागेल."

तिने पहिला घास मोडला.

"वहिनी?"

"मागच्या भिंतीला आहे," ती म्हणाली. "गवताच्या पोत्यात. येतानाच आणलाय."

नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. गाडी त्यानेच चालवत आणली होती. मागे पोतं बांधलं होतं ते त्याला माहीत होतं, पोत्यात काय होतं ते नव्हतं. सासूने ताटं गोळा करायला सुरुवात केली. एरवी भुंगेवाली सासूला ताटांना कधी हात लावू द्यायची नाही.

गुरुवारी पहाटे पाचला दीर निघाला. शिवलेल्या खिशाचा शर्ट घातला, सायकलच्या कॅरिअरला निळा ड्रम दोरीने आवळला, दोरी हलवून बघितली. भुंगेवाली दारात उभी होती. तिला वाटत होतं, काहीतरी म्हणावं. तिने विचारलं, "चहा घेतलात ना?"

"घेतला," तो म्हणाला आणि गेला.

सकाळपुरतं पेट्रोल कॅनमध्ये शिल्लक होतं, त्यामुळे ती दोघं फाट्याकडे न जाता थेट कुरणावर गेली. सात वाजता तिने अठ्ठाविसावी पात धरली. नवरा मागे गोळा करत होता. कालपासून तो तिच्याशी कामापुरतं बोलत होता. धार बघ. दगड आहे. पाणी पी.

नऊ वाजून वीस मिनिटांनी गोठेवाल्याचा गडी मोटारसायकलवरून रस्त्याने गेला. मागे निळा ड्रम होता. भरलेला असावा, कारण खड्ड्यातून जाताना गाडी पुढून हलकी झाली आणि गड्याने पाय टेकवला. थोड्या वेळाने तिने चकती बदलायला भुंगा बंद केला तेव्हा गोठ्याकडून जनरेटरचा आवाज येत होता. एकसारखा, न अडखळता.

नवऱ्याने तो ऐकला. म्हणाला, "दिला त्याने."

साडेदहाला गोठेवाला आला. आज दाढी केली होती. "बोललो तसा," तो म्हणाला. "चाळीस पाती, तू म्हणशील तो भाव. तुझ्या नवऱ्यासमोर सांगतोय." आणि मग जरा थांबून, "गुणी आहे हो तुझा दीर. एका शब्दावर काम केलं."

चार दिवस तिने पातीच्या भावाच्या त्या वाक्यासाठी भांडण केलं होतं. आता तिला ते नीट ऐकूही आलं नाही. ती म्हणाली, "त्याला कोणी काही म्हणालं का?"

"मला काय माहीत? मी थोडाच गेलो होतो. गडी गेला होता." त्याने गोठ्याकडे बघितलं. "त्याला विचारतो," म्हणाला, आणि विचारायला म्हणून गेला तो परत आला नाही.

दुपारी दोनला दिराची पाळी सुटायची. घरी जायचा रस्ता कुरणाला लागून होता. अडीचपासून ती प्रत्येक पातीच्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला आली की, भुंग्याचा वेग कमी करायची आणि बघायची. अडीचला टेम्पो गेला. पावणेतीनला सायकलवरून एक माणूस गेला, तो दुसराच निघाला. तीन वाजता तिने भुंगा बंद केला आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जाऊन या."

तो आधीच उठलेला होता.

चार वाजून दहा मिनिटांनी तो परत आला. गाडी स्टँडला लावली. हात मुठीवरच ठेवून उभा राहिला.

"दोन नंबरच्या मशीनवर दुसराच माणूस आहे," तो म्हणाला. "त्याला विचारलं तर म्हणाला, मला काही माहीत नाही, मी दुपारीच आलो."

"आणि भाऊजी?"

"हवा भरणारा म्हणाला, कॅमेऱ्यात ड्रम दिसला म्हणून आत मालकाच्या खोलीत बसवलंय. समोरच्या टपरीवाला म्हणाला, आत कोणी नाही, तो अकरालाच पायी निघून गेला. मी खोलीचं दार वाजवलं. आतून कडी होती. कोणी उघडलं नाही."

"पायी? सायकल?"

"सायकल तिथेच आहे."

ती ओल्या गवतावर बसली. खांद्याचा पट्टा काढायचा राहिला होता, तो मानेत रुतला तसा तिने अंगठा घालून सैल केला. नवरा तिच्याशेजारी बसला नाही. उभाच राहिला. ती म्हणाली, "पेट्रोल भरलंत?"

"तीन लिटर. दुपारपासून आणखी चारने वाढलंय."

तिने उठून टाकीत नळी सोडली आणि ओढलं. या वेळी तोंडात आलेलं तिने थुंकलं नाही, लक्षातच आलं नाही. मग खोकत खोकत ओढ्यापर्यंत गेली.

साडेपाच वाजेपर्यंत छत्तीस पाती कापून झाल्या होत्या. चार उभ्या होत्या. घरून सासूचा निरोप आला की तो अजून आला नाही, आणि त्याच्या स्थळाचे, संध्याकाळी यायचे ते पाहुणे वेशीपर्यंत आलेत, तर त्यांना काय सांगायचं. दिराची सायकल, नवऱ्याने शेवटची बघितली तेव्हा, पंपामागच्या भिंतीला टेकून उभी होती. कुलूप लावलेलं नव्हतं.